अंगठा की सही?

फोनवर नवीन ॲप टाकताना आपण नेमकं काय करतो? अटी-शर्तींचं लांबलचक पान उघडतं. आपण ते भराभर वर सरकवतो आणि तळाशी 'मान्य आहे' दिसलं की त्यावर अंगठा टेकवतो. अगदी अक्षरशः अंगठा. आपल्या पणजीने कधीकाळी सावकाराच्या कागदावर टेकवला असेल, तसाच. तिच्या अंगठ्याला शाई लागायची आणि तिला वाचता येत नव्हतं. आपल्याला वाचता येतं, तरी आपण वाचत नाही.

यावरून एक प्रश्न माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळतोय. जी वस्तू मी रोज वापरतो, जिच्या भरवशावर माझे पैसे, माझे फोटो, माझी नोकरी आहे, ती आतून कशी चालते हे जाणून घेणं माझं कर्तव्य आहे का? की न जाणता वापरण्यात काहीच वावगं नाही?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी पोटापाण्याचा आहे. आणि मी शहापूर तालुक्यातला आहे, त्यामुळे तो मला जरा वेगळ्या बाजूने दिसतो.

*

आमच्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटंसं गाव आहे. ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनाच्या दिवशी, तिथे 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन मुळाक्षरं गिरवायला बसल्या. देशोदेशीच्या वाहिन्यांनी त्यांचे व्हिडिओ केले. तुम्हीही एखादा पाहिला असेल.

आता जरा रुक्षपणे विचार करू. सत्तराव्या वर्षी 'अ आ इ ई' शिकून उपयोग काय? नोकरी लागणार नाही, पगार वाढणार नाही. बँकेत अंगठ्याऐवजी सही करता येईल, एवढंच. पण पैसे तर अंगठ्यावरही मिळत होते, तेवढेच. मग काय बदललं?

मला वाटतं, बदललं ते असं: अंगठा एवढंच सांगतो की ही बाई इथे हजर होती. सही सांगते की हिला हा कागद वाचता आला असता. वाचलाच असेल असं नाही. बँकेचा फॉर्म आपल्यापैकी तरी कोण पूर्ण वाचतो? पण समोरच्या माणसाला आता ठाऊक असतं की ही वाचू शकते. तेवढ्याने तिच्याशी बोलण्याचा सूर बदलतो. आणि तिचा स्वतःशी बोलण्याचाही.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, डिसेंबर २०१६ मध्ये, त्याच तालुक्यातलं धसई हे गाव राज्यातलं पहिलं 'कॅशलेस गाव' म्हणून गाजलं. दुकानादुकानांत कार्ड घासायची यंत्रं आली. त्यात वाईट काही नाही, सोयच झाली. पण एकाच तालुक्यात, एकाच वर्षी, दोन गावांना दोन वेगळ्या गोष्टी मिळाल्या. एका गावाला यंत्र मिळालं, दुसऱ्या गावाला अक्षर. यंत्र बिघडलं तर कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. अक्षराचं तसं नसतं.

*

आता माझ्या कामाकडे येतो.

सुट्टीच्या दिवशी शहापुरात एका मित्राच्या दुकानामागच्या खोलीत अकरावी-बारावीची पाच-सहा मुलंमुली जमतात. काही आसनगाव-वासिंदची, काही सरळगाव-किन्हवली रस्त्याने एसटीने येणारी मुरबाडकडची. दोन जुने डेस्कटॉप आहेत, त्यांवर लिनक्स टाकलेलं आहे. नेट कुणाच्या तरी मोबाईलचं. तिथे आम्ही एक उद्योग करतो: 'लुआ' नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेचा इंटरप्रिटर सोर्स कोडपासून बिल्ड करतो.

इंटरप्रिटर म्हणजे दुभाष्या. तुम्ही लिहिलेलं वाचतो आणि यंत्राकडून करवून घेतो. लुआचा सगळा सोर्स कोड एका फाइलीत बांधून मिळतो, साडेतीनशे केबीच्या आसपास. सकाळी घरच्या ग्रुपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटो कधीकधी याहून मोठा असतो. ती फाइल सोडवायची, फोल्डरमध्ये जायचं, 'मेक' ही आज्ञा द्यायची. सी भाषेतल्या फाइली एकेक करून कम्पायलरकडे जाताना पडद्यावर दिसतात. जुन्या डेस्कटॉपवरही हे काम चहा गार व्हायच्या आत संपतं. शेवटी हातात येतो सुमारे तीनशे केबीचा एक प्रोग्रॅम. विंडोजवर थोडी वेगळी अवजारं लागतात, मॅकवर आणखी थोडी वेगळी, पण कृती तीच.

या सगळ्या कोडच्या मिळून सुमारे तीस हजार ओळी आहेत. आणि आत सगळं नीट लावलेलं आहे. एक फाइल तुमच्या मजकुराचे शब्द पाडते. दुसरी त्या शब्दांतून वाक्यरचना ओळखून यंत्राला सोप्या पडतील अशा आज्ञा बनवते. तिसरी त्या आज्ञा एकामागून एक चालवते. चौथी नको झालेली मेमरी झाडून काढते. बारावीच्या मुलाला यातलं सगळं कळत नाही. पण कुठे काय आहे, ते कळतं.

एकदा बारावीतल्या एका मुलीने विचारलं, "दादा, हे एका कमांडमध्ये तयार मिळतं ना? मग एवढा खटाटोप कशाला?"

प्रश्न रास्त होता. 'शिकायला मिळतं' हे उत्तर मला पुरेसं वाटत नव्हतं. शिकायला तर कशातूनही मिळतं. म्हणून मी तिला उत्तर दिलं नाही, एक गोष्ट करून बघ म्हटलं. तयार मिळणारा लुआ चालू कर आणि 'पाणी' या नावाची एक राशी बनव. मराठीत, देवनागरीत.

यंत्राने नकार दिला. चूक दाखवताना 'पाणी' हा शब्दही छापला नाही. अनपेक्षित चिन्ह, एवढं म्हणून पुढे एक आकडा दाखवला: २२४. 'प' हे अक्षर संगणकात तीन बाइटांत साठवलं जातं आणि त्यातल्या पहिल्या बाइटची किंमत २२४ असते. तिने लिहिलं होतं पाणी, आणि यंत्राला दिसला एक अनोळखी आकडा.

मग आम्ही सोर्स उघडला. कोणतं चिन्ह अक्षर मानायचं आणि कोणतं नाही, याचा तक्ता एका छोट्या फाइलीत आहे. त्याच्या वरच, ५.४ या आवृत्तीत, एक अट लिहिलेली आहे: बिल्ड करताना 'लुआ यूसीआयडी' ही खूण दिली असेल तर इंग्रजीबाहेरची सगळी चिन्हंही अक्षरं माना. खूण दिलेली नसेल तर मानू नका. तयार मिळालेल्या प्रतीत ती खूण नव्हती. आम्ही ती देऊन पुन्हा बिल्ड केलं. यावेळी यंत्राने 'पाणी' स्वीकारलं.

नंतर त्या मुलीने आणखी एक फाइल उघडली. यंत्र तुमच्या आज्ञेची वाट पाहताना पडद्यावर एक छोटं चिन्ह दाखवतं. तिने त्या जागी 'बोल' असं लिहिलं आणि बिल्ड केलं. आता तिचा लुआ तिला म्हणतो, बोल.

मी उत्तर द्यायची गरज उरली नाही. तयार वस्तूत कुणीतरी काही निर्णय आधीच घेतलेले असतात. लुआ बनवणाऱ्यांनी काही मराठीवर राग धरून ती अट घातलेली नाही. त्यांनी एक सोपा पर्याय नेहमीसाठी ठेवला आणि दुसरा दार उघडून आत येणाऱ्यासाठी. पण ते निर्णय आहेत, निसर्गनियम नाहीत, हे बाहेरून कधीच कळत नाही. बाहेरून फक्त एवढंच दिसतं: 'पाणी' चालत नाही.

*

लुआ कुठून आली, हेही सांगण्यासारखं आहे. ती सिलिकॉन व्हॅलीतली नाही. १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरोच्या एका विद्यापीठात रोबेर्तो इएरुसालिम्स्की, लुईस एन्रिके दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी ती बनवली. पोर्तुगीज भाषेत 'लुआ' म्हणजे चंद्र. तिच्या आधीच्या एका छोट्या भाषेचं नाव होतं 'सोल', म्हणजे सूर्य.

ती बनली ती गरजेतून. १९७७ ते १९९२ या काळात ब्राझीलने परदेशी संगणक आणि सॉफ्टवेअरच्या आयातीवर कडक निर्बंध घातले होते. बाहेरून घेणं अवघड, म्हणून स्वतः बनवायची सवय लागली. पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीच्या इंजिनिअरांना काही कामांसाठी छोटी, सोपी भाषा हवी होती. त्यातून लुआ आली. पुढे ती खेळांमध्ये शिरली, रेडिससारख्या डेटाबेसमध्ये शिरली. तुमच्यापैकी कुणी रोब्लॉक्स खेळत असेल, तर त्यामागची भाषा लुआपासूनच निघालेली आहे.

आपल्याकडेही त्याच काळात अशीच एक गोष्ट घडली. १९७८ साली आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला. पुढे अमेरिकेने महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. मराठी माणूस ही गोष्ट अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. पण एक तपशील सहसा राहून जातो. परमच्या आत जे प्रोसेसर होते, ते इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे होते.

यात कमीपणा काही नाही. उलट माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने हाच तपशील महत्त्वाचा आहे. 'स्वतः बनवलं' म्हणजे काय? सुट्या भागांपासून? मग ते भाग कुणी बनवले? लुआ आम्ही स्वतः बिल्ड केली म्हणतो, पण कम्पायलर तयार घेतला. लिनक्स तयार घेतलं. डेस्कटॉप तर कुणाचा तरी जुना. स्वावलंबन खणत गेलात तर तळ लागत नाही.

*

हा आक्षेप जितका ताणावा तितका धारदार होतो. युनिक्स बनवणाऱ्यांपैकी एक केन थॉम्पसन. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात त्यांनी एक युक्ती मांडली होती. कम्पायलरमध्येच चोरवाट घालायची. तो लॉगिनचा प्रोग्रॅम कम्पाइल करताना गुपचूप त्यात मागचं दार बसवेल आणि स्वतःची नवी प्रत बनवताना हीच खोड त्या प्रतीतही उतरवेल. मग सोर्समधून ती खोड पुसून टाकायची. आता सोर्स कितीही वाचा, स्वच्छ दिसेल. दार मात्र उघडंच. जे तुम्ही पूर्णपणे स्वतः बनवलेलं नाही, त्यावर पूर्ण विश्वास टाकता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आणि पूर्णपणे स्वतः तर कुणीच काही बनवत नाही.

मार्च २०२४ मध्ये हे जवळजवळ घडलंच. 'एक्सझेड' नावाचं फाइली दाबून लहान करणारं एक सॉफ्टवेअर जगभरातल्या लिनक्स यंत्रांवर असतं. ते सांभाळणारा माणूस फुकटात काम करून थकला होता. दोनेक वर्षं मदत करून विश्वास मिळवलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने त्यात चोरवाट घातली. ती चालू करणारा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात नव्हता, वाटपाच्या गठ्ठ्यात होता. म्हणजे तो गठ्ठा घेऊन आमच्यासारखं बिल्ड करत बसलेल्यालाही संरक्षणाची खात्री नव्हती.

मग बिल्ड करण्याला अर्थ काय उरला? आजीबाईंची सही म्हणजेही शेवटी दोन अक्षरं. कागदावरचं कायद्याचं कलम थोडंच कळतं?

पण एक्सझेडची गोष्ट इथे संपत नाही. ती चोरवाट पकडली आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरने. दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. त्याने ते सोडून दिलं नाही, आत शिरून पाहिलं. ते त्याचं नेमून दिलेलं काम नव्हतं. त्याला आत शिरता आलं, कारण दार उघडता येण्यासारखं होतं आणि उघडायची त्याला सवय होती.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. सगळं जाणून घेणं कुणालाच शक्य नाही, म्हणून ते कर्तव्य असू शकत नाही. विश्वास ठेवावाच लागतो. डॉक्टरवर ठेवतो, एसटीच्या ड्रायव्हरवर ठेवतो. पण विश्वास आणि नाइलाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला तपासता येतं आणि तरी जो तपासत नाही, तो विश्वास ठेवतो. ज्याला तपासताच येत नाही, त्याच्याकडे ठेवायला विश्वासही नसतो. तो नुसता भरडला जातो किंवा नशिबाने वाचतो. अंगठ्याची सही झाली की माणूस नाइलाजातून विश्वासाच्या बाजूला येतो. अंतर छोटं आहे, पण मला ते फार मोलाचं वाटतं.

*

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण शहापूरचा माणूस इथे थांबू शकत नाही.

मराठीत सोर्सला आपण स्रोत म्हणतो. पाण्याच्या उगमालाही स्रोतच म्हणतो. मुंबईच्या पाण्याचे मोठे स्रोत आमच्या तालुक्यात आहेत. तानसा धरण १८९२ सालचं. भातसा तर एकटं मुंबईची जवळजवळ निम्मी तहान भागवतं. माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या जलवाहिन्या आमच्या गावांच्या अंगावरून दूरच्या शहराकडे जातात. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांवर टँकर येतो. बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात.

स्रोत जवळ असणं आणि पाणी घरात असणं, यात किती अंतर असतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

म्हणून 'कोड खुला आहे, कुणीही वाचावा' असं कुणी म्हटलं की मला हंड्यांची रांग आठवते. लुआचा परवाना उदार आहे: घ्या, बदला, विका, फक्त मूळ लेखकांची परवाना-सूचना सोबत राहू द्या. पण ते घ्यायला डेस्कटॉप लागतो, आणि बऱ्याच घरांत एकच फोन असतो, तोही वडिलांच्या खिशात. वाचायला इंग्रजी लागतं. बिल्ड अडलं तर 'अमुक फाइल सापडली नाही' या ओळीचा अर्थ सांगणारं कुणीतरी शेजारी लागतं. लुआच्या जुन्या आवृत्त्या लिनक्सवर बिल्ड करताना 'रीडलाइन' नावाची एक लायब्ररी आधी टाकलेली नसली की गाडी तिथेच थांबायची. सांगणारा असेल तर दोन मिनिटांचं काम. नसेल तर मुलगा समजतो की आपल्याला हे जमणारं नाही. खुलेपणा कागदावर असतो. घरापर्यंत नळ कुणीतरी टाकावा लागतो.

तेव्हा कर्तव्य कुणाचं, हा माझ्या मूळ प्रश्नाचा भाग आता थोडा वेगळा दिसतो. प्रत्येक वापरणाऱ्याने आत डोकावलंच पाहिजे, असं मी म्हणणार नाही. भात लावून दमलेल्या माणसाने रात्री फोनचा कोड वाचावा, अशी अपेक्षा करणं हा उर्मटपणा आहे. आमच्या धंद्यात तो उर्मटपणा भरपूर आहे. स्वतः बिल्ड करणारे तयार घेणाऱ्यांना हसतात. ज्याला वाचता येतं त्याने अडाण्याला हसावं, तसंच ते.

ज्यांना वाचता येतं, कर्तव्य त्यांच्याकडे येतं. मला येतं, म्हणून माझ्याकडे येतं. ते दोन प्रकारचं आहे. एक, फ्रॉइंडसारखं: खटकलं तर सोडून द्यायचं नाही, कारण आपल्यामागे असे कितीतरी लोक आहेत ज्यांना खटकण्याचीही सोय नाही. दुसरं, फांगण्यासारखं: आणखी एकाला वाचता यावं म्हणून वेळ द्यायचा.

आणि यातून एक तिसरी गोष्ट निघते, ती वस्तू बनवणाऱ्यांसाठी. लुआ वाचता येते, कारण ती लहान आहे. तीस हजार ओळी एक माणूस चिकाटीने काही महिन्यांत वाचू शकतो. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये कोट्यवधी ओळी असतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलमध्ये तर अब्जावधी आकडे असतात आणि एखादं उत्तर नेमकं का आलं, हे बनवणाऱ्यालाही ओळीवर बोट ठेवून सांगता येत नाही. मोठ्या गोष्टी नकोत असं मी म्हणत नाही, त्यांच्यावरच माझी नोकरी आहे. पण वाचता येईल एवढी वस्तू लहान ठेवणं हे वापरणाऱ्याबद्दलच्या आदराचं लक्षण आहे, असं मला आता वाटतं. कागद एका पानाचा असेल तर सही करणारा तो वाचेल तरी. चाळीस पानांचा कागद मुळात अंगठ्यासाठीच लिहिलेला असतो.

तुम्ही हे फोनवर वाचताय आणि बहुधा इंजिनिअर नाही आहात. तरी एक सुचवतो. आयुष्यात एक तरी वस्तू आतून पाहा. लुआच असली पाहिजे असं नाही. सायकलचं फ्रीव्हील चालेल, आजोबांचा रेडिओ चालेल, ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प चालेल. एकदा आत जाऊन आलं की पुढच्या वेळी 'हे असं चालत नाही' असं कुणी सांगितल्यावर तुम्ही सहजपणे विचाराल, चालत नाही, की चालू द्यायचं नाही असं कुणी ठरवलंय?

त्या मुलीने परवा हेच विचारलं, पण लुआबद्दल नाही. जलवाहिनी आमच्या पाड्याजवळून जाते, तर तिला आमच्यासाठी एक नळ का नाही, हे कुठे लिहिलंय आणि ते कुणाला वाचता येईल, असं तिने विचारलं. मला उत्तर माहीत नाही. पण प्रश्न सहीचा आहे.